भयकथेचे अभिवाचन : कागद, ‘म्हणे’ आणि नपुंसकलिंग

१

सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त गुणाढ्याची जी हकीकत आली आहे, तिचा विचार बृहत्कथेच्या उगमाच्या संदर्भात पुष्कळ झालेला आहे. एका जाहीर वाचनाची हकीकत म्हणून मात्र तिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. पैजेत हरल्यामुळे संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषांना मुकलेला गुणाढ्य विंध्यारण्यात पिशाचांची भाषा शिकतो, काणभूती नावाच्या पिशाचाच्या मुखातून कथा ऐकतो आणि सात लक्ष श्लोकांचा ग्रंथ स्वतःच्या रक्ताने लिहून काढतो. सातवाहन राजा तो ग्रंथ नाकारतो. मग गुणाढ्य एका टेकडीवर अग्निकुंड पेटवून बसतो. एकेक पान तो पशुपक्ष्यांना वाचून दाखवितो आणि वाचून झालेले पान अग्नीत टाकतो. चरणे सोडून पशू डोळ्यांत पाणी आणून ऐकत राहतात. राजा पश्चात्तापाने धावत येतो तेव्हा सहा लक्ष श्लोक भस्म झालेले असतात व एक लक्ष उरलेले असतात.

ही दंतकथा आहे व तिची ऐतिहासिकता येथे प्रस्तुत नाही. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, पिशाचाने सांगितलेली कथा माणसाने प्रथम कागदावर, अथवा त्या काळच्या पानावर, उतरविली आणि मगच ती श्रोत्यांपुढे वाचली. ‘सांगणे’ आणि ‘वाचून दाखविणे’ यांच्यामध्ये येथे पान आहे. भयकथेच्या अभिवाचनाचा विचार करताना या पानाचा विचार अगोदर करावा लागतो. मराठीत हा प्रकार आता चांगलाच रुळला असला, तरी त्याविषयीची चर्चा वाचकाच्या आवाजापलीकडे आणि प्रकाशयोजनेपलीकडे क्वचितच जाते. आवाज चांगला होता, अंगावर काटा आला, एवढ्यावर अभिप्राय संपतात. काटा नेमका भाषेच्या कोणत्या अंगामुळे येतो आणि कोणत्या अंगाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे तो येत नाही, हा प्रश्न मागे राहतो. तो प्रश्न सातारा-सांगली भागातील, विशेषतः कडेगावसारख्या गावातील, श्रोता डोळ्यांपुढे ठेवून तपासणे उपयुक्त ठरेल.

२

कराड आणि विटा यांच्या मध्ये वसलेले कडेगाव पूर्वी सातारा जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात होते. १९४९ साली दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. ज्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, त्या सांगलीशी कडेगावचे नाते हे असे प्रशासकीय आहे. तेथील श्रोत्याचे कान मात्र नाट्यगृहापेक्षा कीर्तन, भारूड, गोंधळ, तमाशातील वग आणि चातुर्मासातील पोथी यांवर घडलेले आहेत. हा श्रोता अडाणी आहे असे समजून त्याच्यापुढे जाणारा वाचक पहिल्या पाच मिनिटांतच फसतो. कथनाच्या रीतींचे ज्ञान त्याला शहरी श्रोत्यापेक्षा कमी नसते. ते वेगळ्या ठिकाणाहून आलेले असते, इतकेच.

भुताखेतांच्या गोष्टींच्या बाबतीत तर हा फरक फार स्पष्ट आहे. मुंजा, हडळ, खवीस, समंध, गिऱ्हा, जखीण, झोटिंग, चकवा हे शब्द शहरी वाचकाला कोशातून अथवा कथासंग्रहातून भेटतात. गावात त्यांतील प्रत्येकाला जागा आणि कूळ असते. मुंजा मौंज झालेल्या पण सोडमुंज न झालेल्या मुलाचा, म्हणून त्याचे स्थान पिंपळावर. हडळ बाळंतपणात मेलेल्या स्त्रीची. गिऱ्हा पाण्यातला. चकव्याला रूप नाही, तो केवळ वाट चुकवितो. ही नावे म्हणजे मृत्यूच्या प्रकारांचे आणि भूगोलाचे एक वर्गीकरणच होय. म्हणूनच गावातली भुताची गोष्ट बहुधा स्थळाच्या निर्देशाने सुरू होते आणि व्यक्तीच्या निर्देशाने पुढे सरकते. ‘आमच्या चुलत्याला वढ्यात गिऱ्ह्यानं धरलं हुतं म्हनं’, हे या कथनाचे मूळ वाक्य मानता येईल.

या वाक्यातील शेवटचा शब्द सर्वांत महत्त्वाचा आहे. प्रमाण मराठीतील ‘म्हणे’ आणि बोलीतील ‘म्हनं’ हे ‘म्हणणे’ या क्रियापदापासून निघालेले असले, तरी येथे ते क्रियापद राहिलेले नाही. कोण म्हणतो याचे उत्तर त्यात नाही. सांगितलेली गोष्ट सांगणाऱ्याने स्वतः पाहिलेली नाही, ती ऐकीव आहे, एवढीच खूण ते वाक्याला जोडते. ज्ञानाचा उगम व्याकरणाने दाखविण्याची सोय काही भाषांत प्रत्ययांनी केलेली असते, मराठीत ती या एका लहानशा अव्ययाने होते. भुताच्या गोष्टीत ‘म्हणे’ दुहेरी काम करते. ते सांगणाऱ्याची जबाबदारी कमी करते आणि त्याच वेळी ऐकणाऱ्याची शंका जागी ठेवते. विश्वास आणि अविश्वास यांच्या मधोमध श्रोत्याला बसवून ठेवण्याचे सामर्थ्य या दोन अक्षरांत आहे. द. मा. मिरासदार यांनी आपल्या एका विनोदी कथेला ‘भुताचा जन्म’ असे नाव दिले आहे. भूत कधी मरण पावलेल्या माणसातून जन्मत असेल वा नसेल, ‘म्हणे’तून मात्र ते निश्चित जन्मते.

३

लिखित भयकथेतून हे ‘म्हणे’ नाहीसे होते. नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) या दोघांनी मराठीत हा कथाप्रकार प्रतिष्ठित केला. धारपांनी पाश्चात्त्य भयसाहित्यातील कल्पनांना मराठी घरे आणि मराठी माणसे दिली, तर मतकरींनी ‘गूढकथा’ या नावाखाली भुताइतकेच मनाच्या अंधारालाही स्थान दिले. दोघांच्या वाटा भिन्न असल्या तरी त्यांच्या कथांतील निवेदक ऐकीव माहिती सांगत नाही. तो पाहिलेले सांगतो, अथवा सर्वज्ञपणे घडलेले सांगतो. ‘म्हणे’ने ठेवलेली फट येथे बुजविलेली असते. छापील पृष्ठावर याने काही बिघडत नाही, कारण हातातले पुस्तकच वाचकाला सांगत असते की, ही रचलेली गोष्ट आहे.

अभिवाचनात मात्र पुस्तक वाचकाच्या हाती असते आणि श्रोत्याच्या हाती काहीच नसते. अशा वेळी ‘म्हणे’चे काम कोण करते? वाचणाऱ्याच्या हातातील कागद ते करतो, असे या विवेचनाचे प्रतिपादन आहे. श्रोत्याला तो कागद दिसत असतो. ‘मी त्या खोलीत शिरलो’ हे वाक्य उच्चारणारी व्यक्ती त्या खोलीत शिरलेली नाही, कागदावरचा कोणी ‘मी’ शिरलेला आहे, हे पान उलटण्याच्या प्रत्येक क्रियेबरोबर सूचित होते. एकच आवाज दोन व्यक्तींचा असल्याची ही जाणीव अभिवाचनाला कथाकथनापासून आणि नाट्यापासून वेगळे करते. शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर आणि मिरासदार या त्रयीने ग्रामीण कथा गावोगाव ऐकविली. तेथे सांगणारा हाच लेखक होता आणि पारावरच्या गप्पांची धाटणी हीच त्या कथनाची शक्ती होती. भयकथेला ती धाटणी जशीच्या तशी लागू पडत नाही. पारावर श्रोत्याला हसण्याची मोकळीक असते. भयकथेच्या वाचनात हसू आवरण्याचा एक अलिखित करार करावा लागतो, आणि त्या कराराचा साक्षीदार कागद असतो.

यावर एक आक्षेप घेता येईल व तो महत्त्वाचा आहे. गावाने कागद हाती धरून वाचलेल्या अद्‍भुत कथा पूर्वीपासून ऐकल्या आहेत. मालुकवीच्या ‘नवनाथ भक्तिसार’ या पोथीत मच्छिंद्रनाथ वेताळाशी झुंजतात आणि भुतांच्या सैन्याला नमवितात. ही पोथी महाराष्ट्रात अजूनही भक्तिभावाने वाचली जाते. तेथे कागद कल्पिताची खूण नसून प्रमाणाची खूण आहे. मग कागद पाहून श्रोता कथा कल्पित समजेल, हे कशावरून?

हा आक्षेप मान्य करून विधान थोडे सुधारले पाहिजे. कागद स्वतः सत्य अथवा असत्य सांगत नाही. वाचणारा आणि बोलणारा हे भिन्न आहेत, एवढेच तो सांगतो. पोथीतही वाचक हा मच्छिंद्रनाथ नसतो आणि मालुकवीही नसतो. पोथी श्रोत्याच्या आयुष्याला जोडली जाते ती फलश्रुतीने. अमुक अध्याय वाचला असता अमुक बाधा टळते, या आश्वासनात भयाचे विसर्जन होते. भयकथेला फलश्रुती नसते. वेताळ हरत नाही, किंवा हरला तरी पुन्हा येणार नाही असे कोणी सांगत नाही. श्रोत्याला घरी जाताना हाती काहीच मिळत नाही. म्हणून पोथीचा कागद आणि कथेचा कागद हे दिसायला सारखे असले, तरी शेवटच्या वाक्यानंतर त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. शेवटी जो वाचक रंगमंचावर उभा राहून ‘सर्वांचे कल्याण होवो’ अशा थाटाचा समारोप करतो, तो नकळत कथेला पोथी करून टाकतो.

कडेगावचा श्रोता कागदाची ही भाषा जाणतो, असे म्हणण्यास आणखी एक आधार आहे. मोहरममधील उंच ताबुतांसाठी कडेगाव महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. बांबू आणि रंगीत कागद यांचे ते मनोरे हिंदू व मुसलमान मिळून उभारतात आणि त्यांच्या भेटींचा सोहळा पाहण्यास दूरदूरची माणसे येतात. इसवी सन ६८० मध्ये करबला येथे घडलेल्या हौतात्म्याचे ते स्मरण होय. समोर आहे तो कागद आहे, ही प्रत्यक्ष कबर नव्हे, हे पाहणाऱ्यास ठाऊक असते आणि तरीही डोळे भरून येतात. धर्मसोहळा आणि करमणूक यांची तुलना करण्याचा येथे हेतू नाही. कागद हा कागद आहे हे जाणूनही त्याच्या पलीकडचे अनुभवता येते, आणि हे जाणणे त्या अनुभवाला बाधक होत नाही, एवढेच या उदाहरणावरून सांगावयाचे आहे.

४

आता उच्चाराचा प्रश्न. ‘ते आले’ हे दोन शब्दांचे वाक्य घ्यावे. प्रमाण लेखनात ते दोन प्रकारे लागते. ‘ते’ हे पुल्लिंगी अनेकवचन वा आदरार्थी धरले तर काही माणसे किंवा एक आदरणीय गृहस्थ आले. नपुंसकलिंगी एकवचन धरले तर काहीतरी आले. जुन्या लेखनपद्धतीत दुसऱ्या अर्थी ‘तें आलें’ असे अनुस्वार देऊन लिहीत, त्यामुळे डोळ्यांना भेद कळत असे. साहित्य महामंडळाने १९६२ साली ठरविलेल्या नियमांनी असे अनुस्वार गेले आणि लेखनातला हा भेदही गेला. बोलण्यात तो गेलेला नाही. माणसे ‘आले’ आणि वस्तू ‘आलं’, हा फरक सातारा-सांगलीकडचे लहान मूलही अचूक करते.

याचा भयकथेवर झालेला परिणाम सहसा ध्यानात येत नाही. छापील पानावर ‘ते आले’ हे वाक्य क्षणभर अनिश्चित राहते. आलेले माणूस आहे की आणखी काही, हा संशय व्याकरणातच दडलेला असतो. अभिवाचन करणाऱ्याला मात्र ओठ उघडताच निवड करावी लागते. त्याने ‘आलं’ म्हटले की संशय संपतो आणि ‘ते’ माणूस नाही हे ठरते. त्याने ‘आले’ म्हटले तर संशय टिकतो, पण आवाजाला पुस्तकी वळण येते. दोन्हींपैकी कोणता उच्चार योग्य, याचा एकच नियम सांगता येणार नाही. कथेच्या आरंभी, जेथे निश्चिती नको आहे, तेथे पुस्तकी ‘आले’ चालवून घ्यावे आणि संशय फिटण्याच्या ठिकाणी प्रथमच ‘आलं’ उच्चारावे, असा प्रयोग एखाद्या जाणत्या वाचकाला करता येईल. एका अंत्य स्वरावर कथेचा कळस उभा राहू शकतो. सरसकट ‘आलं-गेलं’ करून कथा ‘बोलकी’ करणारा वाचक ही संधी अजाणता घालवितो.

नपुंसकलिंगाचे हे सामर्थ्य लेखकांनी शोधून काढलेले नाही. ते बोलीतच आहे. रात्री सापाचे नाव घेत नाहीत, ‘जनावर’ किंवा ‘लांबडं’ म्हणतात. पिशाचबाधेला ‘बाहेरचं’ म्हणतात. ज्याचे नाव घ्यावयाचे नाही, त्याला भाषा लिंगही निश्चित देत नाही, नपुंसकाच्या आडोशाला ठेवते. शिवाय मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि कर्ता गाळता येतो. ‘दारात... उभं होतं’ या वाक्यात कोण उभे होते ते सांगितलेलेच नाही. ‘उभा’ नव्हे, ‘उभी’ नव्हे, हे शेवटी कळते. ‘दारात’ या शब्दानंतरचा विराम म्हणूनच वाचकाच्या हातातील सर्वांत मोठे साधन आहे. तो विराम संगीताने भरून काढणे म्हणजे भाषेने दिलेले दान परत करणे होय.

अनुवादित कथांत हा प्रश्न अधिक बिकट होतो. डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्स याची ‘माकडाचा पंजा’ ही १९०२ सालची कथा जगभर वाचली जाते. यंत्रात सापडून मेलेल्या मुलाला आईच्या हट्टामुळे बाप पंजाच्या बळावर परत बोलावितो आणि रात्री दारावर थापा पडतात. आईच्या तोंडी त्या क्षणी मुलाचाच उल्लेख येतो, बापाच्या तोंडी निर्जीव वस्तूसाठीचे सर्वनाम. आई आपला मुलगा म्हणते आणि बाप ‘ते’ म्हणतो, यातच त्या कथेचे सर्व भय आहे. मराठीला तीन लिंगे असल्यामुळे हा भेद सहज येईल असे वाटते. पण बाप दार उघडू नकोस, आत घेऊ नकोस असे विनवितो तेव्हा सर्वनाम विभक्तीत जाते, आणि ‘तो’ व ‘ते’ या दोहोंचे सामान्यरूप एकच आहे. ‘त्याला आत घेऊ नकोस’ असे भाषांतर केले की मुलगा आणि वस्तू यांतला भेद पुसला जातो. ‘ते आत येता कामा नये’ अशी प्रथमेची रचना केली तरच भेद टिकतो. अनुवादकाने ही काळजी घेतली नसेल तर अभिवाचकाने कागदावरची दुरुस्ती घरीच करून यावी. रंगमंचावर डोळे विस्फारून ती करता येत नाही.

५

येथवर केलेल्या विवेचनावरून अभिवाचन हे निश्चल बैठकीतच व्हावे, असा अर्थ काढू नये. चार्ल्स डिकन्स याने आपल्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ या कादंबरीतील नॅन्सीच्या खुनाचे वाचन १८६९ सालापासून जाहीररीत्या केले. त्यात तो आवाज बदली, हातवारे करी, स्वतःची प्रकृती धोक्यात घालण्याइतका त्यात रमून जाई. त्याच्या वाचनाच्या प्रतींत समासात स्वतःसाठी केलेल्या सूचना आढळतात. परंतु मजकूर मुखोद्‍गत असतानाही समोरचे मेज आणि पुस्तक त्याने सोडले नाही. याच्या उलट टोकाला एम. आर. जेम्स हा केंब्रिजचा विद्वान दिसतो. नाताळात निवडक मित्रांपुढे तो आपल्या भुताच्या कथा वाची. हाती हस्तलिखित घेऊन तो खोलीत येई आणि एक सोडून बाकीच्या मेणबत्त्या विझवी, असे त्या बैठकीतल्या एकाने लिहून ठेवले आहे. ती एक मेणबत्ती वाचण्यापुरती होती. आवाज चढवून वाचणारा आणि न चढविता वाचणारा असे हे दोघे पूर्ण भिन्न वाचक होते, पण कागद दोघांच्याही हाती होता.

आजच्या नाट्यमय अभिवाचनांत धूर, अचानक मालविलेले दिवे आणि ध्वनिमुद्रित किंकाळ्या यांची रेलचेल होण्याचा धोका आहे. नभोवाणी आणि चित्रपट यांनी घडविलेल्या कानांना यांची सवय झाली आहे, हे समर्थन पोकळ नाही. तथापि मराठीसारख्या अनुकरणवाचक शब्दांनी समृद्ध भाषेत हे साहाय्य बहुधा उपद्रव ठरते. ‘खुट्ट’, ‘सळसळ’, ‘करकर’, ‘फडफड’ हे शब्द स्वतःच ध्वनी आहेत. वाचकाने ‘खुट्ट’ म्हणावे आणि त्याच क्षणी पडद्यामागे काही वाजावे, यात शब्दाचा ध्वनी आणि वस्तूचा ध्वनी एकमेकांना मारतात. श्रोत्याने मनात ऐकावयाचा आवाज दुसऱ्याने ऐकवून टाकलेला असतो. ‘तुंबाड’ (२०१८) या चित्रपटाचे बीज आपल्याला धारपांच्या एका कथेत सापडले, आणि ती कथा नागझिऱ्याच्या जंगलात मित्राच्या तोंडून ऐकली होती, असे दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी सांगितले आहे. त्या रात्री तेथे पडदा, दिवे अथवा वाद्ये असण्याचे कारण नव्हते.

६

हा प्रश्न केवळ अभिरुचीचा असता तर एवढ्या विस्ताराने मांडण्याचे प्रयोजन नव्हते. सातारा हे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचे गाव. १९८९ पासून महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्य त्यांनी उभे केले, आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरविण्याच्या मिषाने माणसाला मारझोड करणे त्या कायद्याने गुन्हा ठरविले. ज्या प्रदेशात ‘बाहेरचं’ या शब्दामुळे एखाद्या स्त्रीवर खरोखरच वळ उठू शकतात, तेथे हडळीची कथा वाचून दाखविणे निरुपद्रवी आहे काय, असा प्रश्न विचारला गेला तर तो हसण्यावारी नेता येणार नाही.

या प्रश्नाचे उत्तर भयकथेवर बंदी घालून मिळत नाही आणि ‘ही केवळ करमणूक आहे’ असे म्हणूनही मिळत नाही. भय वाटणे आणि विश्वास बसणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. साक्ष देणारा विश्वास मागतो, वाचून दाखविणारा फक्त तेवढ्या वेळापुरते भय मागतो. जो अभिवाचक कागद बाजूला ठेवतो, डोळे मिटून अंगात आल्यासारखा घुमतो, ‘ही घटना याच भागात घडलेली आहे’ अशी प्रस्तावना जोडतो, तो कलेत भर घालीत नाही. तो वाचकाचे आसन सोडून देवऋष्याच्या आसनावर बसतो. शहरातील प्रेक्षागृहात ती एक युक्ती ठरेल, कडेगावात तिला साक्षीचे मोल येईल. म्हणून कागद हाती ठेवणे हा तेथे सौंदर्याचा नियम आहे तसा सभ्यतेचाही आहे. श्रोत्याच्या बुद्धीचा मान राखून त्याला भिवविता येते, हे भयकथेने सिद्ध करावयाचे असते.

वेताळपंचविशीत गोष्ट सांगतो तो वेताळ आणि ऐकतो तो राजा. राजाने मौन मोडले की वेताळ झाडावर परत जातो. परंतु राजा जवळजवळ प्रत्येक वेळी मौन मोडतो, कारण गोष्टीच्या शेवटी प्रश्न विचारलेला असतो आणि उत्तर ठाऊक असताना गप्प राहणे त्याला शक्य नसते. खांद्यावर प्रेत घेऊनही तो न्यायाचा विचार करू शकतो. श्रोत्याविषयीची ही कल्पना आजच्या पुष्कळ प्रयोगांतील कल्पनेपेक्षा अधिक आदराची आहे.

या विषयाचा अभ्यास पुढे नेण्यास साधने दुर्मिळ नाहीत. अभिवाचनांची ध्वनिमुद्रणे आता सहज करता येतात. एकच कथा निरनिराळ्या वाचकांनी पुण्यात आणि कडेगावात वाचली असता ‘आले’ आणि ‘आलं’ यांची निवड कोठे कशी बदलते, विराम कोणत्या पदानंतर पडतो, आणि वाचन संपल्यावर श्रोते तीच कथा एकमेकांना सांगू लागतात तेव्हा ‘म्हणे’ कितव्या वाक्यात परत येते, याची नोंद घेतली पाहिजे. ते ज्या वाक्यात परत येईल, तेथे वाचकाच्या हातचा कागद सुटून कथा पुन्हा गावाची झाली असे समजावे.